मोजून हरू द्या : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले 48 आणि राज्यसभेवरचे 19 सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

20 मे 2024 ची दुपार. जिल्हा परिषदेच्या शाळेतली दुसरीची खोली, वर पत्रा, एकच पंखा आणि तोही पोलिंग एजंटांकडे तोंड करून. मी त्या केंद्राची केंद्राध्यक्ष होते. उन्हानं रांग आटली होती. तेवढ्यात एक आजी आल्या. चिठ्ठी दाखवली, बोटाला शाई लावून घेतली, अंगठा दिला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, मशीन काही वाजेना. शेवटी आडोशावरून डोकं वर काढून त्यांनी विचारलं, "मॅडम, यात कांद्याचं बटन कुढं हाये?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते. बटण दाखवायला म्हणून मला आडोशाआड जाता येत नव्हतं. जागेवरूनच सांगितलं, "आजी, त्यात फक्त उमेदवार आहेत. ज्याला द्यायचं त्याच्यापुढचं निळं बटण दाबा." त्यांनी विचारलं, "मंग कांद्याचं कुढं सांगायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं मशीन वाजलं, आजी बाहेर पडल्या आणि मी रजिस्टरमध्ये पुढचा आकडा घातला.

नाशिक जिल्ह्याबाहेरच्यांसाठी एवढं सांगते की आजी भोळसट नव्हत्या. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद होती. उन्हाळ कांदा निघायच्या वेळेलाही ती बंदच राहिली. 4 मे 2024 ला, म्हणजे आमच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी, ती उठली. पण टनाला 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क मागं ठेवून. बंदी घालताना आणि उठवतानाही संसदेत कुणी हात वर केला नाही. एक अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवशी बाजार समितीत भाव पडले. आजी पाच महिने ज्या प्रश्नावर जगत होत्या, त्याचं बटण शोधत होत्या. ते आम्ही कुठंच ठेवलेलं नाही.

हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं, पण नोकरीत होते. आता निवृत्त झाले आहे. निमित्त ताजं आहे. मागच्या महिन्यात आमच्या भागात एका सभामंडपाचं उद्घाटन होतं आणि तुमच्यापैकीच एक जण पाहुणे होते. गावातल्या एका पोरानं उभं राहून विचारलं, "साहेब, एवढे मोठे निर्णय घेताना आम्हाला एकदा विचारायला काय हरकत आहे?" पाहुणे हसले आणि म्हणाले, "अरे, मत दिलंस ना? मग आता पाच वर्षं आमच्यावर सोड की." टाळ्या पडल्या. पोरगं खाली बसलं. त्या पाहुण्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण तेच वाक्य तुमच्यातल्या कुणाच्याही तोंडी चपखल बसलं असतं.

त्या वाक्याला माझी हरकत आहे. मी दिलेलं मत म्हणजे कोऱ्या स्टँपपेपरवरची सही नव्हे.

मी कोण, तर निफाड तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सासरी साडेतीन एकर, त्यात निम्मा कांदा. नोकरीच्या काळात लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत मिळून ड्युटी किती वेळा लागली याचा हिशेब मी सोडून दिला. साहित्यवाटपाच्या मंडपात पिशव्या मोजल्या आहेत, पहाटे साडेपाचला एजंटांसमोर पन्नास मतांचं मॉक पोल घेतलं आहे, रात्री मशीन जमा करायच्या रांगेत दप्तरावर डोकं ठेवून झोपले आहे. मतदान या गोष्टीवर माझा राग नाही, उलट जीव आहे. म्हणूनच तिचा उपयोग पाच वर्षांतून एकदा, तोही फक्त माणूस निवडण्यापुरता, हे मला पटत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार अशी, की पक्षाला दिलेलं मत म्हणजे त्या पक्षाच्या प्रत्येक निर्णयाला दिलेला होकार, असं तुम्ही धरून चालता. हे खोटं आहे आणि ते खोटं असल्याचा पुरावा आपल्या शेजारच्याच राज्यात आहे.

माझी मोठी जाऊ गोव्यातल्या पेडण्याची. दीर ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, तिथल्या ओळखीतून सोयरीक जुळली. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. प्रश्न एकच होता : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पानं. तिचे वडील कट्टर विलीनीकरणवाले. पेडण्यात तसे पुष्कळ होते. घराच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं फूल काढलं होतं, एवढं तिला आठवतं. त्या वेळी विधानसभेत बहुमत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं (मगोपचं) होतं, तो पक्षच विलीनीकरणासाठी जन्मलेला, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. इकडून महाराष्ट्रातले पुढारीही प्रचाराला गेलेले. विधानसभेतल्या बहुमतावर निर्णय सोपवला असता, तर गोवा आज आपला एक जिल्हा असता. पण विरोधी पक्षाच्या जॅक सिक्वेरांसारख्यांनी धरून ठेवलं की एवढा मोठा प्रश्न लोकांनाच विचारा. संसदेनं 1966 मध्ये त्यासाठी खास कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारनं राजीनामा दिला आणि तेवढ्यापुरती राष्ट्रपती राजवट आली. सरकारनं प्रश्न विचारण्याआधी खुर्ची सोडायची, हे आज वाचताना मला स्वप्नातलं वाटतं.

निकाल असा लागला : केंद्रशासित राहण्याला 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. फरक 34,021.

खरी गंमत पुढं आहे. त्यानंतर दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी पुन्हा मगोपलाच निवडून दिलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांनी सांगितलं, भाऊ, राज्य तुम्हीच चालवा, पण विलीनीकरण नको. माणूस हवा, त्याचा तो एक निर्णय नको. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. जनमत कौल झालाच नसता, तर मगोपचा विजय म्हणजे विलीनीकरणाला पाठिंबा असंच सगळ्यांनी धरलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं हे कधी कुणाला कळलंही नसतं. तुम्ही आज रोज तेच धरता.

मी जावेला एकदा विचारलं, वडिलांना फार लागलं असेल ना? ती म्हणाली, दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, हरलो, पण मोजून हरलो. पुढं तेच गृहस्थ मरेपर्यंत गोव्यातच राहिले, घरात मराठी पेपर घेत राहिले, आणि 1987 मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं तेव्हा पेढे वाटायला पहिले होते म्हणे. जाऊ थोडं वाढवून सांगते, तेवढं धरून चाला.

दुसरी तक्रार. तुम्ही आमचे प्रतिनिधी, हे शाळेत मीच शिकवलं आहे. नागरिकशास्त्राचं पुस्तक हातात धरून शिकवलं आहे. पण 1985 पासून, पक्षांतरबंदीचा कायदा आल्यावर, पक्षादेश निघाला की तुम्हाला त्याविरुद्ध मत देता येत नाही. दिलंत तर सदस्यत्व जाण्याची वेळ येते. घोडेबाजार थांबवायला तो कायदा आणला होता. घोडेबाजार थांबला का, हे महाराष्ट्रात बसून मी तुम्हाला काय सांगू! झालं एवढंच की एकट्यादुकट्या खासदाराचं तोंड बंद झालं. कांदा उत्पादक भागातला खासदार कांद्याच्या प्रश्नावर पक्षाविरुद्ध मत देऊ शकत नसेल, तर तो नेमका कुणाचा प्रतिनिधी? स्वतःहून विधेयक मांडायची सोय तुम्हाला आहे म्हणावं, तर 1970 नंतर कुणाही खासदाराच्या खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. म्हणजे आम्ही अधिकार तुमच्याकडं सोपवला आणि तुम्ही तो पक्षाच्या कार्यालयात जमा करून आलात. आम्ही विचारतो आहोत, तर निदान ज्याच्याकडं तो अधिकारच नाही त्यानं तरी "आमच्यावर सोडा" म्हणू नये.

आणि मत देता तेव्हाही ते दिसत नाही. तीन कृषी कायद्यांचं उदाहरण घ्या. ते चांगले होते की वाईट, यात मी शिरत नाही. आमच्या घरातच दोन तट होते : बाजार खुला झालाच पाहिजे म्हणणारे दीर आणि बाजार समिती मोडली तर पैशाची हमी कोण देणार म्हणणारे माझे यजमान. जून 2020 मध्ये ते वटहुकूम म्हणून आले. 20 सप्टेंबरला त्यातली दोन विधेयकं राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानानं मंजूर झाली. मतविभागणी मागितली होती, ती मिळाली नाही. म्हणजे कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंदच नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एका दिवसात, चर्चेविना मंजूर झालं. आणतानाही कुणी विचारलं नाही, नेतानाही नाही. दीर आणि यजमान दोघेही नाराज. एकमेकांवर नव्हे, तुमच्यावर.

आवाजी मतदान म्हणजे काय, हे मी चौथीच्या पोरांना वर्गात करून दाखवत असे. "सहलीला वेरूळला जायचं का?" हो! "नाशिकला?" हो! जो ओरडण्यात पुढं, त्याची सहल. पोरं स्वतःच म्हणायची, "बाई, हात वर करून मोजा ना." चौथीतली पोरं.

तिसरी तक्रार माझ्या जिव्हारी लागलेली आहे. ती अशी, की कधी चुकून आम्हाला विचारलंच, तर मोजणीचं माप बदलतं.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या बायकांनी देशी दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं. महाराष्ट्रात त्यासाठी नियम आहे आणि तो चांगला आहे, हे आधी सांगते. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ज्यानं कुणी ही चित्रं शोधली त्याला माझा नमस्कार; वाचता न येणाऱ्या बाईलाही एका क्षणात कळतात. सह्यांच्या पडताळणीला बायकांना एक-एक करून बोलावलं, "ही सही तुझीच का, कुणी जबरदस्ती केली का" असं विचारलं. नवरा दाराशी उभा. तरी बायका हटल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून रांग. बाळंतपणाला माहेरी आलेल्या एकीनं मुलाला पाटीत निजवून मत दिलं. यादीत 1,012 बायका. आडव्या बाटलीला मतं पडली 481. उभ्या बाटलीला 63. दहातल्या जवळजवळ नऊ बायकांनी बाटली आडवी केली. आम्ही शिट्ट्या वाजवल्या, एकीनं गुलालही आणला होता.

मग साहेबांनी नियम वाचून दाखवला. मतदान केलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. म्हणजे 507. सव्वीस कमी पडली. यादीत कोण होतं? लग्न होऊन सिन्नरला, संगमनेरला, पुण्याला गेलेल्या मुली. ऊसतोडीला गेलेल्या. आणि सात तर देवाघरी गेलेल्या. त्यातली एक माझी सासू. दारूपायी जिनं भांडीकुंडी विकली, तिचं नाव यादीतून कमी केलं नव्हतं म्हणून तिचं मत दुकानाच्या पारड्यात पडलं. न आलेली प्रत्येक बाई, मेलेली प्रत्येक बाई, उभी बाटली. दुकान अजून तिथंच आहे. आता त्याला काचेचं दार झालं.

साहेबांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला हेच माप लावलं तर? 2024 ला राज्यात लोकसभेला साधारण 61 टक्के मतदान झालं. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवायची, तर प्रत्यक्ष पडलेल्या मतांपैकी 82 टक्के मतं तुम्हाला हवीत. स्वतःचा निकालाचा कागद काढा आणि बघा. आमच्या बायकांनी 88 टक्के मिळवली आणि हरल्या.

हे फक्त आमच्याच गावात घडलं असं नाही. रायगड जिल्ह्यात, पेण भागातल्या 22 गावांत, महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 ला सरकारनंच जनमत घेतलं. शेतकरी रांगा लावून आले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झालाच नाही. आमचं निदान मोजलं तरी. उलट ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2013 मध्ये बारा ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं, आणि तो नकार टिकला. म्हणजे जमतं. मनात असलं की जमतं.

चौथी तक्रार जुनी आहे, तुमच्यातले अनेक जण तेव्हा जन्मलेही नसतील. आणीबाणीनंतर जनता सरकारनं 1978 मध्ये घटनादुरुस्तीत एक कलम घातलं होतं : देशाचं निधर्मी किंवा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायालयांचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती करायची असेल, तर ती जनमताला टाकावी, आणि निदान 51 टक्के मतदारांनी मतदान केलेलं असावं. लोकसभेनं ते मंजूर केलं. राज्यसभेनं ते वगळलं. बाकीची दुरुस्ती 44 वी म्हणून झाली, लोकांना विचारायचं तेवढं गळालं. तेव्हापासून आजवर कुठल्याच पक्षाच्या सरकारनं ते उचलून धरलेलं नाही. या एका बाबतीत तुम्हा सगळ्यांची युती आहे.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण माझ्या मुलानंच ते मला सुनावलं आहे.

लोकांना कळत नाही, असं म्हणाल. ज्या बाईला बाजार समितीतला लिलाव, सोसायटीचं व्याज आणि डॉलरचा भाव एका दमात सांगता येतो, तिला प्रश्न कळत नाही असं समजू नका. आणि कळत नसेल तर पाच वर्षांतून एकदा तुम्हाला निवडताना तिला अचानक कळू लागतं का?

खर्च होईल, असं म्हणाल. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मतदार एकाच फेरीत दोन मतं देऊन जातो. लोकसभेच्याच दिवशी एका प्रश्नाचं जादा बटण ठेवलं, तर कर्मचारी तेच, खोली तीच, पंखाही तोच.

मुलाचा तिसरा आक्षेप मात्र मला हलवून गेला. तो म्हणाला, आई, 1927 साली महाडात चवदार तळ्यावर मतदान घेतलं असतंस तर?

मी गप्प झाले. सीताराम केशव बोल्यांच्या ठरावानं 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचं ठरलं होतं. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि गावात मारहाण झाली. त्याच वर्षी नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. तळ्याचा न्याय 1937 मध्ये उच्च न्यायालयात झाला. त्या दिवशी महाडात पेट्या मांडल्या असत्या तर आकडा काय आला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. स्वित्झर्लंडचं कौतुक सगळेच करतात. तिथं एक लाख सह्या दीड वर्षात गोळा झाल्या की नागरिकांचा प्रश्न देशभर मतदानाला टाकावा लागतो. पण त्याच देशातल्या पुरुषांनी 1959 मध्ये मतदान करूनच बायकांना मताधिकार नाकारला, आणि तो मिळायला 1971 उजाडलं. ब्रिटननं 2016 मध्ये युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, या एका ओळीच्या प्रश्नावर मत घेतलं. 52 विरुद्ध 48 असं उत्तर आलं, आणि "बाहेर" म्हणजे नेमकं कुठं हे शोधण्यात त्यांची पुढची वर्षं गेली.

म्हणून मी सगळंच मतदानाला टाका असं म्हणत नाही. कुणाचं पाणी, कुणाचं देऊळ, कुणाचं लग्न, कुणाचं आरक्षण, कुणाचं नागरिकत्व यावर बहुमत मोजायचं नसतं. ते घटनेकडं राहू द्या. कांद्यावर देशभर मत घ्या असंही मी म्हणत नाही. घेतलं तर आम्ही हरू; पिकवणारे थोडे, खाणारे फार. मुंबई-दिल्लीतल्या बाईला स्वस्त कांदा हवा, यात तिची चूक नाही. पण मग तिनं मला हरवलं, हे मला दिसलं तरी असतं. आज मला हरवणारा दिसतच नाही. फक्त कागद दिसतो.

मागण्या साध्या आहेत.

1978 चं ते कलम पुन्हा मांडा. घटनेच्या गाभ्याला हात लावणारी दुरुस्ती लोकांना विचारल्याशिवाय होऊ नये, आणि मान्य व्हायला देशाचं बहुमत आणि निम्म्याहून जास्त राज्यांचं बहुमत, दोन्ही लागावं, नाहीतर दोन-तीन मोठी राज्यं सगळ्यांचं ठरवतील. मूलभूत हक्क कमी करणारा प्रश्न मतदानाला टाकता येणार नाही, हे त्याच कायद्यात लिहा. प्रश्न सरकारनं आपल्या सोयीच्या मुहूर्तावर काढायचा नाही.

नागरिकांना प्रश्न उचलायचा हक्क द्या. ठरावीक मतदारांनी सह्या केल्या की त्या प्रश्नावर संसदेत त्याच अधिवेशनात चर्चा आणि नोंदवलेलं मतदान झालंच पाहिजे. सह्या किती, ते तुम्ही ठरवा. आमच्या बायकांनी 25 टक्के गोळा केल्या होत्या, तेव्हा आम्हाला त्याची भीती नाही.

प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान घ्या. तुमच्यासमोर बटणं आहेत. ती वापरायला घटनादुरुस्ती लागत नाही. घरी बसून मला कळलं पाहिजे की माझ्या खासदारानं हिरवं दाबलं की लाल. आणि सरकार पडण्याचा प्रश्न नसेल तिथं पक्षादेश काढू नका.

कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्र सरकारनंच 2014 मध्ये ठरवलं आहे. ते बंधनकारक करा, आणि मसुदा मराठीत द्या. मराठी म्हणजे आम्हाला कळणारी मराठी. "उपरोक्त नमूद बाबींस अनुलक्षून" नव्हे.

बाटलीच्या मतदानाचा नियम राज्याचा आहे, संसदेचा नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या पक्षाचे आमदार मुंबईत बसतातच. त्यांना सांगा, जे माप तुम्हाला तेच आम्हाला. ते जमत नसेल तर मतदानाआधी यादीतून मेलेल्या बायकांची नावं तरी काढा. माझ्या सासूपासून सुरुवात करा.

या पत्रावर आमच्या गावच्या 214 जणांनी सह्या केल्या आहेत, तो कागद सोबत जोडला आहे. त्यात त्या दुकानाच्या मालकाचीही सही आहे. तो म्हणाला, बाई, परत मतदान लावा, मीही येतो.

उत्तर पोस्टकार्डावर चालेल. उत्तर द्यायचं नसेल तर निदान पोच मिळावी.

आपली नम्र,
एक मतदार
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका, निफाड तालुका)